निरोपाची भेट लेकरांच्या हातची असू द्या

प्रति,
अध्यक्ष, सदस्य आणि सर्व पालक,
शाळा व्यवस्थापन समित्या, धावडा व पंचक्रोशी,
ता. भोकरदन, जि. जालना.

विषय : शिक्षकांच्या बदलीच्या आणि सेवानिवृत्तीच्या निरोपाला द्यायच्या भेटीबाबत.



बदलीचा आदेश आला, किंवा कुणा गुरुजींची सेवानिवृत्ती जवळ आली, की आपल्या बैठका ठरलेल्या वाटेनं जातात. घरटी वर्गणी किती, मंडप कुणाचा, पाहुणे कोण, जेवणाला पुरी-भाजी की वरण-बट्टी. हे सगळं ठरून झालं की उठता उठता कुणीतरी विचारतं, ‘बरं, सरांना द्यायचं काय?’ मागच्या वेळी घड्याळ दिलेलं असतं म्हणून या वेळी फ्रेम ठरते. दोघं जण गाडी काढून भोकरदनला नाहीतर सिल्लोडला जातात आणि वस्तूवर नाव-तारीख टाकून संध्याकाळपर्यंत परत येतात. भेट झाली.

या सगळ्या धावपळीत लेकरांना मात्र कुणी काही विचारत नाही. गुरुजी ज्यांचे, निरोप ज्यांनी द्यायचा, त्यांचं काम एवढंच उरतं, रांगेत बसायचं आणि सांगितलं की टाळ्या वाजवायच्या. ही पद्धत आपण बदलावी, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मागणी साधी आहे. गावाला जो मानपान करायचा तो गावानं करावा, पण भेट म्हणून जे द्यायचं ते लेकरांच्या हातचं असावं आणि त्यासाठी कुठल्याही घरावर वर्गणीचा भार पडू नये.

शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. खांद्यावर शाल, हातात नारळ, डोक्याला फेटा, बरोबर आलेल्या गुरुमाउलींना खणानारळाची ओटी, ही आपल्याकडची रीत आहे आणि ती व्हायलाच हवी. दहा-बारा वर्षं ज्यानं गावातली पोरं शिकवली, त्याला गावानं चारचौघांत मान द्यायचा नाही तर कुणी द्यायचा? पण तो गावाचा सत्कार झाला. तो सरपंच करतात, अध्यक्ष करतात, ज्येष्ठ मंडळी करतात. लेकराचा आणि त्याच्या शिक्षकाचा हिशेब त्याहून वेगळा असतो, आणि तो शालीनं पुरा होत नाही.

मागे एका गावच्या निरोपाला मी गेले होते. गावाचं नाव घेत नाही, कारण आपल्याकडेही फार निराळं घडतं असं नाही. आधी पाहुण्यांचे सत्कार झाले, मग ज्यांनी ते सत्कार केले त्यांचे झाले, मग भाषणं. लेकरं मंडपाच्या कडेला उन्हात. तिसरीतला एक मुलगा हातात घडी घातलेला कागद घेऊन स्टेजकडे निघाला, तर त्याला ‘थांब, आधी पाहुण्यांचं होऊ दे’ म्हणून मागे बसवला. त्याची पाळी काही आलीच नाही. जेवणं उरकल्यावर गुरुजी मोटारसायकलजवळ उभे होते आणि चार माणसं ती मोठी काचेची फ्रेम मागच्या सीटला दोरीनं कशी बांधावी याचा विचार करत होती, तेव्हा तो मुलगा गेला आणि कागद देऊन पळाला. गुरुजींनी तो तिथंच उघडून वाचला, पुन्हा वाचला आणि शर्टाच्या खिशात घातला. फ्रेमचं काय करायचं ते त्यांना शेवटपर्यंत सुचत नव्हतं. कुणाच्या तरी जीपमधून ती नंतर पाठवायचं ठरलं.

आपले बरेच शिक्षक तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात. कुणी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत चार-पाच शाळा होतात, आणि दर शाळेतून घड्याळ, मूर्ती, सन्मानचिन्ह, फ्रेम मिळते. ठेवायला जागा नसते आणि टाकवत तर नाहीच, कारण त्यामागचं प्रेम खरं असतं. प्रेम खरं असूनही त्या वस्तूवर आपल्या लेकरांची काहीच खूण नसते, याचं मला वाईट वाटतं. फ्रेमवरचं नाव बदललं की ती दुसऱ्या कुठल्याही गावच्या, कुठल्याही शिक्षकाला चालेल. मानपत्राचंही तेच. ‘ज्ञानदानाचा अखंड यज्ञ’, ‘विद्यार्थ्यांचे दीपस्तंभ’ असल्या मजकुरात ते गुरुजी कुठं सापडतच नाहीत. त्यांनी कुणाला पाढे कसे शिकवले, कुणाच्या घरी जाऊन कुणाची शाळा सुटू दिली नाही, पावसात वर्ग गळायला लागला तेव्हा लेकरं कुठं बसवली, यातलं मानपत्रात काही नसतं.

आता वर्गणीचं बोलते, कारण ते कुणी उघड बोलत नाही.

आपला पट्टा मिरचीचा. उन्हाळ्यात लावलेल्या मिरचीचे तोडे पावसाळ्याच्या तोंडाला सुरू होतात. शाळा उघडतात त्याच दिवसांत मजुरीवर जाणाऱ्या आया दिवस उजाडायला वावरात असतात. तोडणी किलोवर. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात भाव चढला काय आणि पडला काय, तोडणाऱ्या बाईच्या मजुरीत त्याचा फारसा फरक पडत नाही. अशा घरातून दोनशे-पाचशे रुपये आणायला लेकराला सांगितलं, तर ते लेकरू घरी दोनदा मागतं, तिसऱ्यांदा मागत नाही आणि निरोपाच्या दिवशी शाळेत येत नाही. कारण पुढं काय होणार ते त्याला ठाऊक असतं. माईकवरून देणाऱ्यांची नावं रकमेसकट पुकारली जाणार. लग्नातला आहेर पुकारावा तशी ही नावं पुकारायची पद्धत निदान शाळेच्या आवारात तरी बंद करा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांची नावं पुकारली जात नाहीत ती लेकरंही त्याच शिक्षकाची असतात. पुष्कळदा शिक्षकाचा सगळ्यात जास्त जीव त्यांनाच लागलेला असतो.

महागड्या वस्तूनं शिक्षकाचीही अडचण होते. जिल्हा परिषदेच्या सेवकांना 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि भेटी स्वीकारण्यावर त्यात बंधनं आहेत. सोन्याची अंगठी, मोबाइल, गाडी अशा भेटी देण्याची चढाओढ लागली, तर ज्याला मान द्यायला गेलो त्यालाच उद्या खुलासा द्यावा लागेल. शिवाय मागे राहिलेल्या शिक्षकांकडे गाव कोणत्या नजरेनं पाहणार? ‘त्यांना अंगठी मिळाली, मला काय मिळतं बघू’ हा विचार कुणाच्याही मनात आपण पेरू नये.

मग द्यायचं काय?

काही दिवसांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका मॅडमच्या बदलीच्या वेळी थोड्या पालकांनी मिळून एक साधी गोष्ट केली. वर्गातल्या प्रत्येक लेकराला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, ‘मॅडमची एक आठवण लिही. एकच.’ लिहिलेलं कुणी तपासलं नाही, कुणी सुधारलं नाही. सगळी पानं जमल्यावर पुठ्ठ्यात घालून दाभणानं शिवली. दुसरीतल्या एका मुलीनं दोनच ओळी लिहिल्या होत्या :

‘मॅडम तुम्ही माझी वेनी घातली. आईचे हात मिरचीचे होते.’

ज्यांनी मिरची तोडली आहे त्यांना यावर काही सांगायला नको. दिवसभर तोडलं की बोटांची आग होते. तेल लावलं, हात कितीदा धुतले, तरी ती रात्रीतून जात नाही. त्या हातानं लेकराच्या केसांना, कपाळाला, डोळ्यांजवळ हात लावता येत नाही. मग लेकरू तसंच विस्कटलेल्या केसांनी शाळेत जातं. मॅडमनं ते पाहिलं, काही न विचारता प्रार्थनेच्या आधी तिला पुढ्यात बसवलं आणि वेणी घालून दिली. तोड्याच्या दिवसांत ती रोजच घालत राहिली. हे गावात कुणाला माहीत नव्हतं. मॅडमनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि मुलीच्या आईलाही वाटत होतं की एखादी थोरली पोरगी घालून देत असेल. सगळ्या गावानं मिळून लिहिलेल्या मानपत्रात ही गोष्ट आली असती का? ती आली ती त्या मुलीला कागद मिळाला म्हणून. ‘वेनी’तला न तसाच राहिला, तेही बरंच झालं.

त्याच वहीत एका मुलानं लिहिलं होतं की मॅडमनं त्याला कबड्डीच्या संघात घेतलं नाही आणि तो अजून रागावलेला आहे. काही पालक म्हणाले, हे पान काढून टाकू. बाकीच्यांनी काढू दिलं नाही. माझंही मत तेच. ज्या लेकराला आपला राग शिक्षकाजवळ लिहून देता येतो, त्याचा त्या शिक्षकावर विश्वास आहे. ते पान वहीत राहिलंच पाहिजे.

आठवणी लिहून घेण्याची ही चाल आपल्या मातीला नवी नाही. आपल्याच भोकरदन तालुक्यात जयदेववाडीला जाळीचा देव आहे. महानुभाव पंथाचं ते मोठं स्थान. चक्रधर स्वामींच्या वास्तव्यानं पावन झालेलं म्हणून तिथं दुरून दुरून लोक येतात. स्वामी उत्तरापंथे निघून गेले आणि मागे शिष्य उरले. त्यांच्याकडे सोनं-नाणं नव्हतं, आठवणी होत्या. म्हाइंभटांनी त्या गोळा करायला घेतल्या. नागदेवाचार्यांकडून ऐकलं, ज्याच्या-ज्याच्यापुढे स्वामी बोलले होते त्याच्यापर्यंत जाऊन विचारलं, कुठं घडलं, कसं घडलं, स्वामी नेमकं काय म्हणाले. इसवी सन 1278 च्या सुमारास त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं, आणि आज आपण त्याला मराठीतला आद्य गद्य ग्रंथ म्हणतो. त्यात मोठी तत्त्वं आहेत तशा जेवणाच्या, वाटेवरच्या, रुसण्या-फुगण्याच्या साध्या गोष्टीही आहेत. एकच प्रसंग दोघांनी वेगवेगळा सांगितला, तर कोणाचं म्हणणं काय तेही नोंदवलेलं आहे.  साडेसातशे वर्षांपूर्वी ज्यांना एवढं कळत होतं, त्यांच्या स्वामींचं स्थान आपल्या तालुक्यात आहे. कबड्डीवर रुसलेल्या मुलाचं पान का ठेवायचं, याचं उत्तर मला तिथं मिळतं.

लीळाचरित्राची मूळ प्रत पुढे धाडीत गेली आणि शिष्यांना आपापल्या स्मरणातून ते पुन्हा जुळवावं लागलं. म्हणून आपल्या वह्यांची एक नक्कल शाळेत ठेवावी, असं मी सुचवते. आता ते अवघड नाही. वही शिवण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा, छापून एका फायलीत लावायचा. पुढं तेच लेकरू मोठं होऊन आपल्या पोराचं नाव घालायला शाळेत येईल, तेव्हा त्याला स्वतःचं पान दाखवता येईल.

साने गुरुजींचंही इथं आठवतं. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, खानदेशात अमळनेरला, प्रताप हायस्कूलमध्ये ते 1924 ते 1930 शिक्षक होते आणि वसतिगृहातली मुलं सांभाळत होते. त्या मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं ‘छात्रालय’ दैनिक लिहून काढत. शिक्षक मुलांसाठी रोज हातानं लिहू शकतो, तर सगळ्या मुलांनी मिळून आपल्या शिक्षकासाठी एकदा हातानं लिहायला काय हरकत आहे?

आता हे करायचं कसं, यावर थोडं खुलासेवार लिहिते, कारण चांगली गोष्ट घाईत बिघडते.

फळ्यावर मजकूर लिहून देऊ नका. ‘आमचे गुरुजी खूप चांगले आहेत, ते आम्हाला खूप आवडतात’ असं एकदा फळ्यावर गेलं की सगळ्या पानांवर तेच उतरतं आणि वही मानपत्रासारखी होते. लेकराला विचारा, ‘गुरुजींनी तुझ्यासाठी काय केलं? त्यांच्याबरोबरचा कोणता दिवस आठवतो?’ आणि मग तिथून बाजूला व्हा. पहिलीचं लेकरू चित्र काढील. ज्याला लिहिता येत नाही त्याचं बोलणं थोरल्या वर्गातल्या मुलीनं जसंच्या तसं लिहून घ्यावं, बोलीतलं असेल तर बोलीतच. जी कुटुंबं ऊसतोडीला गेली आहेत त्यांच्या लेकरांना मुकादमाच्या फोनवरून विचारता येतं, आणि ते पान वहीत पहिलं लावावं, असं माझं मत आहे. ते लेकरू पटावर आहे, वर्गात नसलं तरी.

पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विसरू नका. गुरुजी लेकरांच्या पंगतीत बसून जेवले की नाही, तांदूळ कमी पडला तेव्हा काय केलं, कोणत्या लेकराला दोनदा वाढायला सांगितलं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्यांचं एक पान हवंच, त्यांच्या तोंडून कुणी लिहून घेतलं तरी चालेल.

आणि जे शिक्षक कुणाचेच झाले नाहीत, ज्यांच्याबद्दल लेकरांना सांगण्यासारखं काही नाही, त्यांचं काय? त्यांना शाल द्या, नारळ द्या, हात जोडा. लेकरांकडून खोटं कौतुक लिहून घेऊ नका. मोठ्यांना खूश करायला खोटं लिहायचं असतं, हा धडा शाळेत शिकवायचा नाही. वही ही प्रत्येकाला द्यायची हक्काची वस्तू नाही, हे शिक्षकांनाही हळूहळू कळेल.

तारखेचा घोळ मात्र समितीनंच सोडवायला हवा. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख 1 जून आहे. शाळेत नाव घालताना आई-बापाला तारीख सांगता आली नाही की त्या वेळच्या हेडमास्तरांनी 1 जून टाकली. ती लेकरं पुढं शिक्षक झाली. वय 58 पूर्ण झालं की निवृत्ती, आणि 1 तारखेचा जन्म म्हणजे आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. म्हणून दरवर्षी 31 मे या एका दिवशी शिक्षक घाऊक निवृत्त होतात. त्या दिवशी शाळा बंद असते, लेकरं मामाच्या गावाला नाहीतर आईबरोबर वावरात असतात. सेवापूर्तीचा सोहळा होतो, पाहुणे येतात, भाषणं होतात, आणि ज्या वर्गाला त्यांनी शेवटचं शिकवलं तो वर्ग तिथं नसतो. चाळीस वर्षांच्या जवळपास नोकरी करून माणूस रिकाम्या शाळेतून बाहेर पडतो. निवृत्तीची तारीख आधीपासून माहीत असते, मग लेकरांचा निरोप 1 मे ला, निकालाच्या दिवशी घ्या. झेंडावंदनाला सगळे येतातच. गावाचा सोहळा 31 मे ला करायचा तर खुशाल करा.

बदलीचं उलटं आहे. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयानंतर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या. आदेश येतो आणि कार्यमुक्त होऊन नव्या शाळेत रुजू व्हायला मोजका वेळ मिळतो. तेवढ्या वेळात वही होत नाही. त्यावर एकच उपाय मला दिसतो. वर्षाच्या शेवटी, परीक्षा संपल्यावर जे मोकळे दिवस असतात त्यात प्रत्येक वर्गानं आपल्या वर्गशिक्षकाची पानं लिहून ठेवावीत, बदली असो वा नसो. पानं समितीकडे राहतील. वेळ आली की शिवायला एक संध्याकाळ पुरते.

लिहिण्यावाचूनही देता येतं, तेही थोडक्यात सांगते. 1921 मध्ये डॉ. राधाकृष्णन म्हैसूर सोडून कलकत्त्याला निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची फुलांनी सजवलेली गाडी घोडे सोडून स्वतः स्टेशनपर्यंत ओढत नेली. ज्यांच्या जन्मदिवशी आपण शिक्षक दिन करतो, त्यांना मिळालेला हा निरोप. त्यात विकत आणलेलं काही नव्हतं, मुलांचे हात होते. आपल्याकडेही ट्रॅक्टर किंवा बैलगाडी सजवून मिरवणूक काढतात. ती लेकरांना सजवू द्या, डीजेचे पैसे वाचवा.

वानवळा द्यायला तर कुणाची ना नसावी. कुणाच्या घरची लाल मिरची, कुणाची मक्याची कणसं, कुणाच्या बांधावरची बोरं, कुणाच्या आईनं कुटलेला काळा मसाला. ज्याच्याकडे जे पिकतं ते त्यानं द्यावं आणि ज्याच्याकडे वावर नाही त्याच्या लेकरानं शेजाऱ्याच्या बांधावरून चार फुलं आणावीत. त्याचा भाव कुणी काढत नाही. गुरुजींच्या घरी ते दोन-तीन महिने ताटात येत राहतं.

निवृत्तीची तारीख आधी ठाऊक असेल तर आयांनी मिळून गोधडी शिवावी. प्रत्येक घरातून जुन्या लुगड्याचा, साडीचा, शर्टाचा एकेक तुकडा घ्यायचा. मोठ्या वाड्यातला तुकडा आणि पालातला तुकडा एकाच मापाचा कापायचा. हे काम दुपारचं, चार जणींनी बसून करायचं आहे आणि त्याला दिवस लागतात, म्हणून बदलीच्या घाईत ते सुचवत नाही.

झाडाबद्दल मात्र जपून. शिक्षकाच्या नावानं झाड लावायचं म्हणजे फोटोपुरतं रोप खोचायचं नव्हे. 2013 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यानं टँकरच्या मागं किती धाव घेतली, ते कुणी विसरलेलं नाही. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, कुंपण कोण करणार, याची नावं ठरली असतील तरच पावसाळ्यात झाड लावा. वाळलेलं रोप गुरुजींच्या नावाची पाटी घेऊन उभं राहिलं, तर तो त्यांचा अपमान होईल.

ज्यांना पैसेच द्यायचे आहेत, आणि अशी दोन-चार घरं प्रत्येक गावात असतात, त्यांनी ते शाळेच्या वाचनालयाला द्यावेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं. त्याची वर्गणी शिक्षकाच्या नावानं शाळेसाठी भरली, तर दर महिन्याला ते अंक लेकरांच्या हातात येतील. आतल्या पानावर लिहावं, ‘अमुक गुरुजींच्या निरोपानिमित्त’. देणाऱ्यानं स्वतःचं नाव घालू नये.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात असं सांगितलं आहे. तो कायदा 2010 पासून लागू झाला. आम्ही बायकांनी फक्त सही करण्यापुरतं बैठकीला येऊ नये, ठरवायलाही यावं. या विषयात तर आमचं ऐकाच, कारण कोणत्या घरात वर्गणीला पैसे नाहीत ते विहिरीवर आणि वावरात आम्हालाच कळतं.

येत्या बैठकीत पुढचा ठराव मांडावा, अशी माझी मागणी आहे. निरोपासाठी कोणत्याही विद्यार्थ्याकडून वर्गणी घेतली जाणार नाही. देणाऱ्यांची नावं आणि रकमा माईकवर पुकारल्या जाणार नाहीत. सत्कारात शिक्षकांचा आणि लेकरांचा कार्यक्रम आधी होईल, पाहुण्यांचा नंतर. लेकरांनी लिहिलेल्या पानांची वही शिक्षकांना दिली जाईल आणि तिची नक्कल शाळेत राहील. लेकरांचा निरोप शाळा चालू असतानाच घेतला जाईल. ठराव मंजूर झाला तर त्याची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत बाकीच्या शाळांनाही पाठवावी.

जे शिक्षक आधीच गेले, ज्यांना आपण फ्रेम देऊन मोकळे झालो, त्यांचे विद्यार्थी आता कॉलेजात, नोकरीत, वावरात आहेत. त्यांच्याकडूनही पानं घेता येतील. गुरुजींचा पत्ता कुणाकडे ना कुणाकडे असतोच आणि टपाल अजून चालू आहे. त्याची सुरुवात आम्ही तीन-चार जणी करत आहोत. ज्यांना आपलं पान द्यायचं असेल त्यांनी ते शाळेत आणून द्यावं, वर गुरुजींचं नाव आणि आपण कोणत्या साली त्यांच्या वर्गात होतो ते लिहावं. पुठ्ठे आणि दाभण-दोरा आमच्याकडे आहे.

आपली,
एक पालक, धावडा